तीन वाद्यांचा ५३ वर्षांचा संसार

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांच्या मेळाला पाश्चात्त्य अभिजात संगीतात 'पियानो ट्रिओ' म्हणतात. हायडन, मोझार्ट, बीथोवन, शुबर्ट, ब्राम्स अशा थोर रचनाकारांनी या मेळासाठी विपुल लिहिले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केवळ यालाच वाहून घेतलेले संच विरळा होते. नामवंत एकल वादक अधूनमधून एकत्र येत आणि आपापल्या वाटेने जात. कोर्तो, थिबो आणि कासाल्स यांचे त्रिकूट गाजले, पण तिघांचीही मुख्य ओळख स्वतंत्र कलावंत अशीच राहिली. ही रीत बदलण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात 'बोझार ट्रिओ'ला द्यावे लागेल.

१३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील टँगलवूड येथे, बर्कशायर संगीत महोत्सवात या संचाची पहिली मैफल झाली. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर जर्मनीतील माग्देबुर्गचे. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांच्या ज्यू कुटुंबाने देश सोडून पॅलेस्टाइन गाठले. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील द्यबुसी स्पर्धा जिंकून ते प्रकाशात आले. त्यांच्याहून चोवीस वर्षांनी मोठे असलेले व्हायोलिनवादक डॅनिएल गिले यांनी तोस्कानिनी यांच्या एनबीसी वाद्यवृंदात प्रमुख व्हायोलिनवादकाची जबाबदारी सांभाळली होती. चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउस हे कासाल्स यांचे शिष्य.

तोल सांभाळण्याची कसरत

आपल्या मैफलीत मुख्य कलाकार आणि साथीदार असा भेद सहसा स्पष्ट असतो. ट्रिओमध्ये तिघेही बरोबरीचे मानले जातात आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हायडनच्या काळातील पियानो नाजूक आवाजाचा होता. आजचा मोठा पियानो पूर्ण ताकदीने वाजला, तर दोन तंतुवाद्ये सहज झाकोळून जातात. म्हणून येथे पियानोवादकाला आवरून वाजवावे लागते, आणि तरीही आपले म्हणणे पुसट होऊ द्यायचे नसते. प्रेसलर यांचा हलका, स्वच्छ स्पर्श आणि सहवादकांकडे सतत असलेले अवधान यांमुळे हा तोल साधला गेला.

त्याचा उत्तम दाखला म्हणजे हायडनचे ट्रिओ. त्यांत चेलो बऱ्याचदा पियानोच्या खालच्या स्वरांचीच पुनरुक्ती करतो. त्यामुळे 'साथीसह पियानोच्या रचना' असे समजून वादक त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत. बोझार ट्रिओने हे सर्व ट्रिओ फिलिप्स कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले आणि ब्रिटनच्या 'ग्रामोफोन' नियतकालिकाने या संग्रहाला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा मान दिला. उपेक्षित राहिलेले एक भांडार त्यामुळे रसिकांपुढे खुले झाले.

माणसे बदलली, संच टिकला

१९६८ मध्ये गिले निवृत्त झाले आणि जुलियार्ड चतुष्टकात वाजवलेले इसिडोर कोहेन त्यांच्या जागी आले. १९८७ मध्ये ग्रीनहाउस यांच्यानंतर पीटर वायली आले, तर १९९२ मध्ये कोहेन यांची जागा आयडा कवाफियन यांनी घेतली. १९९८ मध्ये यंग उक किम आणि आंतोनियो मेनेझेस दाखल झाले. २००२ मध्ये किम यांच्या जागी डॅनिएल होप आले. पाच व्हायोलिनवादक, तीन चेलोवादक. पियानोवर मात्र अखेरपर्यंत प्रेसलरच!

प्रत्येक बदल म्हणजे एक परीक्षाच होती. शेकडो वेळा वाजवलेली रचनाही नव्या सोबत्याबरोबर पुन्हा बसवावी लागते. कोठे थांबायचे, कोणता स्वर कोणी पुढे न्यायचा, हे सारे स्वरलिपीत लिहिलेले नसते. ते एकत्र सरावातूनच उमगते. नव्या माणसाला जागा करून देत जुने संस्कार जपणे प्रेसलर यांना साधले, म्हणूनच माणसे बदलूनही संचाची ओळख टिकली.

होप यांनी एकल कारकिर्दीसाठी बाहेर पडण्याचे ठरवल्यावर मात्र नवा वादक न शोधता संचाचाच समारोप करण्यात आला. ऑगस्ट २००८ मध्ये टँगलवूडला अमेरिकेतील अखेरची आणि सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे निरोपाची मैफल झाली. प्रेसलर त्यानंतरही वाजवत राहिले. २०१४ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर प्रथमच व्यासपीठावर आले. ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज पियानो ट्रिओ हे अनेक तरुण वादकांचे पूर्णवेळ कार्यक्षेत्र झाले आहे. एकट्याने तळपण्याऐवजी तिघांनी मिळून एक आवाज घडवणे, हेही आयुष्यभराचे काम असू शकते, ही खात्री या संचाने दिली.