नळीतलं रक्त आणि डीएनएवरच्या खुणा

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. लॅबवाला रक्त काढतो, जांभळ्या टोपणाची नळी हलकेच उलटी-सुलटी करतो आणि थंड डब्यात ठेवतो. एवढी घाई कशाची?

नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पेशी मात्र जिवंत असतात आणि हळूहळू मरत जातात. डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून, कारण आपल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं. या डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो.

या खुणा तशा चिवट, उकाड्याने लगेच पुसल्या जात नाहीत. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक प्रकारच्या पेशीत खुणांची नक्षी निराळी असते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फार अल्पायुषी, म्हणून नळीत आधी त्या संपतात आणि उरलेल्या पेशींचं मिश्रण बदलतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरंटोरं घरी गेल्यावर गर्दीचं सरासरी वय काढलं, तर ते वाढलेलं दिसेल. म्हातारं मात्र कुणीच झालेलं नसतं. उशिरा तपासलेली नळी अशीच चकवते, आणि संशोधकाला हा फरक आजाराचा परिणाम वाटू शकतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांत तर नमुना जपणं आणखी मोलाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांची मुलंही त्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अशा कामात जुना नमुना पुन्हा मिळत नाही. वारंवार वितळवून गोठवलं की डीएनएचे तुकडे पडतात. म्हणून नमुना आधीच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांना ठेवणं उत्तम: एका तपासणीला एकच नळी बाहेर काढायची.