प्रमाणपत्र आणि पाण्याखालची सवय

मंडळी, स्कूबा शिकवणाऱ्या संस्था नवख्याला पुरेसं शिकवतात का, हा आजचा प्रश्न. आधी अभ्यासक्रम पाहू. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'पाडी'च्या 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रासाठी तलावातल्या सरावानंतर खुल्या पाण्यात ४ डाइव्ह कराव्या लागतात. मग जोडीदारासोबत, प्रशिक्षकाशिवाय, १८ मीटरपर्यंत उतरता येतं. मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर परत पकडणं, हे सगळं करून घेतात. म्हणजे यादीत उणीव नाही.

उणीव आहे ती वेगळीकडे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कुणी वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. 'श्वास रोखू नका' हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो! गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत फरक केला. तो इथे जिवाशी येतो.

करता येणं सवयीने येतं, आणि ४ डाइव्हमध्ये सवय लागत नाही. शिवाय प्रमाणपत्राची मुदत संपत नाही; सवय मात्र मोडते. तेव्हा आपण असं म्हणू: संस्था सुरुवात करण्यापुरतं शिकवतात, आणि आपण त्यालाच शेवट समजतो. कार्ड मिळाल्यावर पुढच्या काही डाइव्ह उथळ पाण्यात, जाणत्याच्या सोबतीने कराव्यात. खंड पडला तर आधी उजळणी. आणि मालवणला प्रशिक्षकाने धरून फिरवलेली डाइव्ह? ती हौस झाली, प्रशिक्षण नव्हे.