फोनवरचा पोलीस आणि छातीतली धडधड

या पानावर आपण रक्तदाब, साखर, क्षयरोग, बाळंतपण, व्यसन अशा विषयांवर बोलत आलो आहोत. आरोग्याच्या पानावर फोनवरच्या फसवणुकीचं काय काम, असं काहींना वाटेल. पण वस्तीत रक्तदाब तपासायला बसल्यावर आम्ही विचारतो, वरचा आकडा एवढा का चढला, झोप का लागत नाही? अलीकडे एकेका घरातून दबक्या आवाजात उत्तर येतं, पोलिसाचा फोन आला होता. पोलीस खोटा असतो, पण चढलेला आकडा खरा असतो.

2024 च्या सप्टेंबरअखेर आग्र्यातल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेला व्हॉट्सॲपवर फोन आला. डीपीवर वर्दीतल्या पोलिसाचा फोटो होता. तुमची मुलगी वाईट धंद्यात सापडली आहे, एक लाख रुपये पाठवा, नाहीतर बातमी बाहेर जाईल, असं सांगितलं गेलं. मुलगी कॉलेजात सुखरूप होती. भावाने तिला फोन लावून खात्री केली, आईलाही सांगितलं. तरीही घरी आल्यावर बाईंची तब्येत बिघडली आणि त्या गेल्या. पुढच्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरमध्ये, हैदराबादच्या एका निवृत्त सरकारी डॉक्टर बाईंना तीन दिवस व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं. त्यांनी सहा लाखांहून जास्त रक्कम पाठवली आणि हृदय बंद पडून त्या वारल्या. मृत्यूनंतरही त्यांच्या फोनवर मेसेज येत राहिले.

एक शिक्षिका, एक डॉक्टर. तेव्हा "शिकलेला माणूस फसत नाही" हे डोक्यातून काढा. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल हे देशातले मोठे उद्योगपती. 2024 साली त्यांच्यासमोर व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय उभं केलं, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि सात कोटी रुपये काढून घेतले.

हे करणाऱ्यांना वर्तमानपत्रं "भामटे" म्हणतात. आम्ही तो शब्द लिहीत नाही. ते एका जमातीचं नाव आहे, आणि त्या जमातीवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. फोनवरून लुटणाऱ्याला लुटारू म्हणावं, तेवढं पुरे.

फोनची सुरुवात वेगवेगळी असते. कधी, तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अंमली पदार्थ सापडले. कधी, तुमच्या आधार कार्डावर कोणी सिम घेऊन काळा पैसा फिरवला. मग व्हिडिओ कॉल येतो. समोर वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, वायरलेसची खरखर. राजमुद्रा असलेलं वॉरंट व्हॉट्सॲपवर येतं. तुम्हाला "डिजिटल अरेस्ट" केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. शेवटी, तुमचे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात भरा, निर्दोष निघालात की परत मिळतील.

वस्तीतल्या घरांना वाटतं, आपल्याकडे कोटी कुठे आहेत, आपल्याला कोण फोन करणार? म्हणूनच वस्तीत येणारा फोन जरा वेगळा असतो. "तुमच्या मुलाला मित्रांसोबत उचललंय, केस दाखल व्हायच्या आत वीस हजार पाठवा." मागे एखादं पोर रडत असतं. मुलगा कामावर किंवा हॉस्टेलवर, त्याचा फोन लागत नाही आणि आई बचत गटाच्या पैशाला हात घालते. दुसरा फोन तरुण पोरांना येतो. आधी अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल, त्याचं रेकॉर्डिंग, आणि दुसऱ्या दिवशी "दिल्ली क्राईम ब्रांचमधून" साहेब बोलतात, त्या मुलीने जीव दिला, तुझं नाव लिहून ठेवलंय. मुलगी मेलेली नसते आणि साहेब साहेब नसतो. पण पोरगं कोणाला सांगू शकत नाही. अशा प्रकारात तरुण मुलांनी जीव दिल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत.

हे सगळं खरं का वाटतं? बाहेरचे लोक म्हणतात, अडाणीपणा. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या गल्लीत रात्री पोलिसांची गाडी येऊन कोणाचा तरी पोरगा चौकशीला नेते, जिथे आई दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन चौकीबाहेर उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली आहे, तिथे "तुमच्या मुलाला उचललंय" हे वाक्य अशक्य वाटत नाही. आपल्या माणसांची भीती मूर्खपणाची नाही, ती अनुभवाची आहे. लुटारू तेवढीच नस दाबतात. म्हणून "घाबरू नका" एवढं सांगून भागत नाही. खरा पोलीस काय करू शकतो आणि काय नाही, हे माहीत हवं.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक करायला पोलिसाला तुमच्या समोर यावं लागतं. त्याच्या अंगावर नाव वाचता येईल अशी ओळख हवी, अटकेचा कागद करावा लागतो, त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही घ्यावी लागते आणि नातेवाइकांना कळवावं लागतं. म्हणजे खऱ्या अटकेत कळवणं हा नियम आहे आणि फोनवरच्या अटकेत "कोणाला सांगू नका" हा. खोटं ओळखायला हा एक फरक पुरेसा आहे. अपवादाची परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. चौकशीला हजर राहण्याची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे.

अटकेचं कारण कळणं, आपल्या पसंतीचा वकील मिळणं आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं जाणं हे संविधानाच्या कलम 22 मधले हक्क आहेत. हे कलम मसुद्यात आधी नव्हतं. 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी ते 15-अ म्हणून संविधान सभेत मांडलं. संविधानाची प्रत बहुतेक घरांत आहे. हे पान एकदा काढून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

आता आमच्या कामाकडे येतो. भीतीचा फोन आला की शरीरात काय होतं? मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांतून ॲड्रेनालिन रक्तात येतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. समोर साप दिसला तर पळायला ही तयारी कामाची असते. पण या अवस्थेत माणूस नीट विचार करू शकत नाही. समोरचा सांगेल ते बटण दाबतो. म्हणून लुटारू आवाज चढवतात, अर्ध्या तासाची मुदत देतात, फोन ठेवू देत नाहीत. तासन्‌तास जागं ठेवतात, जेवू देत नाहीत. ही सगळी युक्ती शरीरावर चालते, अकलेवर नाही. म्हणूनच हुशार माणूसही सापडतो.

निरोगी माणूस यातून थकून बाहेर पडतो. ज्याला रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास आहे त्याचं तसं नसतं. गोळी चुकते. इन्सुलिन घेतलं आणि जेवण झालं नाही तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. मोठ्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुगून अचानक कमजोर होतो असाही एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी तो 1990 च्या सुमारास नोंदवला आणि त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो. तेव्हा "आईला उगाच सगळं मनाला लागतं" असं म्हणून सोडून देऊ नका. असा फोन येऊन गेल्यावर छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, थंड घाम, धाप, किंवा तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर 108 ला फोन लावा. लिंबू-सरबत देऊन वाट पाहत बसू नका.

फोन चालू असताना काय करायचं? कापायचा. साहेब रागावतील म्हणून थांबायचं नाही. लाल बटण दाबण्याइतका धीर होत नसेल तर फोन उलटा ठेवा आणि दाराबाहेर जा. दारात शेजारीण असतेच. तिला मोठ्याने सांगा, "मला असा असा फोन आलाय." दुसऱ्या माणसाच्या कानावर घातलं की निम्मी भीती तिथेच उतरते, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. या बाबतीत एकमेकींच्या दाराला दार लागलेली आपली वस्ती बंद फ्लॅटपेक्षा सुरक्षित आहे. मग बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. पाच-सात वेळा केलं की धडधड कमी होते. पाणी प्या. मग मुलाला स्वतः त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा. नाही लागला तर त्याच्या मित्राला, हॉस्टेलला, कामाच्या ठिकाणी.

पैसे गेले असतील तर आधी 1930. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त, कारण लुटारू ते भराभर पुढे सरकवतात. किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं हाताशी ठेवा. मेसेज, नंबर, स्क्रीनशॉट पुसू नका. बँकेलाही कळवा. नंतर ठाण्यात तक्रार द्यायला एकटं जाऊ नका, दोघं-तिघं जा. "ही आमची हद्द नाही" असं उत्तर मिळालं तर गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा. आणि काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा" असं सांगणारा दुसरा साहेब फोन करेल. तो त्याच टोळीतला समजा.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. लुटीचे पैसे लुटारूंच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. ते वस्तीतल्या पोरांच्या खात्यात येतात. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन-पाच हजार देतो," असं म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, सिम घेऊन जाणारा कोणी ना कोणी फिरत असतो. तपास सुरू झाला की खरे पोलीस त्या पोराच्या दारात येतात. तोवर तो माणूस पसार झालेला असतो. परदेशात डाटा एन्ट्रीची नोकरी देणाऱ्या एजंटांचंही तसंच. म्यानमार, कंबोडियात नेऊन पोरांना कोंडून हेच फोन करायला लावतात. 2025 च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना म्यानमारच्या अशा अड्ड्यांतून सुटल्यावर परत आणलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे दिला.

फसलेल्या माणसाशी घरच्यांनी कसं वागायचं, हाही उपचाराचा भाग आहे. पैसे गेल्याच्या रात्री घरात पहिलं वाक्य काय बोललं जातं यावर पुष्कळ अवलंबून असतं. "अक्कल कुठे गेली होती" असं नवरा म्हणाला की बाई पुढचं काही सांगत नाही. कर्ज कोणाकडून काढलं, अजून फोन येतात का, सगळं पोटात ठेवते. तिच्याजवळ बसा, जेवू घाला, त्या रात्री एकटीला झोपू देऊ नका. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, फोन वाजला की थरथर, असं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. "जगून काय उपयोग" असा शब्द तोंडातून निघाला तर तो नाटक समजू नका. जवळ राहा आणि 14416 वर फोन लावा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. लाजेने गप्प झालेल्या तरुण पोरांच्या बाबतीत हे जास्त लक्षात ठेवा. मुलाला आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर आमच्याकडे ये, मारणार नाही, ओरडणार नाही.

विहाराच्या फलकावर आणि घरात कॅलेंडरच्या बाजूला तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: पैसे गेले तर 1930, तब्येत बिघडली तर 108, मन खचलं तर 14416. ज्या घरात म्हातारी माणसं दुपारी एकटी असतात तिथे शेजारणीचा नंबरही त्याच कागदावर लिहा, आणि फोनमध्ये एका बटणावर तो लावून द्या.