अनुदान-अर्जातील कर्ता : परदेशी प्रतिष्ठाने व स्त्री-बालकल्याणाच्या अर्जांची भाषा

स्त्रिया व बालके यांच्यासाठी अन्य देशांत चाललेल्या कार्यास साहाय्य करणारी अनेक प्रतिष्ठाने अमेरिकेत व युरोपात आहेत. त्यांच्याकडे पाठवावयाच्या अर्जांचे मराठी मसुदे इंग्रजीत उतरवून द्यावेत, अशी विनंती घेऊन छोट्या संस्थांचे कार्यकर्ते प्रस्तुत लेखकाकडे अधूनमधून येत असतात. असे काही मसुदे वाचल्यावर ध्यानात आले की, अडचण भाषांतराची नसून त्याच्या आधीची आहे. मूळ मराठी वाक्यातच काम कोण करतो हे सापडत नाही. या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करणे, हा या टिपणाचा हेतू होय.

प्रथम ‘अर्ज’ हा शब्दच पाहू. मूळ अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला हा शब्द. त्याचा धात्वर्थ ‘समोर मांडणे’ असा असला, तरी दरबारी व्यवहारामुळे त्यास विनवणीची छटा चिकटली. इंग्रजी ‘प्रपोजल’ या शब्दाचा अर्थही ‘पुढे ठेवणे’ असाच. परंतु तेथे बरोबरीच्या दोन पक्षांतील व्यवहार अभिप्रेत आहे. आपले मसुदे अर्ज म्हणून लिहिले जातात आणि प्रपोजल म्हणून वाचले जातात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात करुणा नसते असे नव्हे. पण केवळ करुणेच्या बळावर त्याला पैसा देता येत नाही. अमेरिकेच्या १९६९ च्या करसुधारणा कायद्याने व त्याखालील नियमांनी खाजगी प्रतिष्ठानांवर बंधने घातली. परदेशी संस्थेस अनुदान देताना ती संस्था अमेरिकेतील सार्वजनिक धर्मादाय संस्थेशी समतुल्य असल्याचा निर्णय कागदपत्रांच्या आधारे करावा लागतो. अन्यथा पूर्वचौकशी, लेखी करार व खर्चाचे अहवाल यांसह विनियोगाची जबाबदारी प्रतिष्ठानाने स्वतः पत्करावी लागते. तेव्हा अर्जातील प्रत्येक विधान पुढे कोणीतरी तपासणार आहे, असे समजूनच ते लिहिले पाहिजे.

या तपासणीसाठी रूढ झालेले एक साधन म्हणजे ‘लॉगफ्रेम’ अथवा तर्कचौकट. अमेरिकी सरकारच्या परदेश-साहाय्य खात्यासाठी १९६९ च्या सुमारास ती तयार झाली आणि पुढे अनेक दात्यांनी स्वीकारली. तिच्यात चार पायऱ्या असतात : साधने, प्रत्यक्ष निष्पत्ती, प्रयोजन व अंतिम ध्येय. व्याकरणदृष्ट्या ही ‘जर-तर’ वाक्यांची साखळी होय. शिवणवर्गाचे उदाहरण घेऊ. यंत्रे व शिक्षिका मिळाल्या, तर तीस स्त्रिया माप घेऊन कपडा बेतावयास शिकतील. त्या शिकल्या, तर त्यांच्या हाती स्वतःची मिळकत येईल. ती आली, तर मुलींची शाळा सुटणार नाही. प्रत्येक ‘तर’च्या आड एक गृहीतक दडलेले असते. गावात शिवणकामास गिऱ्हाईक आहे काय? मिळकत त्या स्त्रीच्याच हाती राहते काय? चौकटीतील शेवटचा रकाना या गृहीतकांसाठी राखलेला असतो आणि आपल्या मसुद्यांत नेमका तोच रिकामा आढळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या मसुद्यांतील सर्वांत लाडके क्रियापद ‘येणे’ हे होय. ‘प्रशिक्षण देण्यात येईल’, ‘जागृती करण्यात येईल’. शासकीय पत्रव्यवहारातून आलेल्या या रचनेत कर्ता लुप्त होतो व स्त्री चतुर्थीत जाते : ‘महिलांना’ प्रशिक्षण, ‘महिलांना’ मार्गदर्शन. ‘सक्षमीकरण’ या शब्दाची घडणही लक्षणीय आहे. संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययाने ‘पूर्वी जे तसे नव्हते ते तसे होणे’ हा भाव व्यक्त होतो. त्यास ‘कृ’ धातू जोडला की ‘तसे करणे’ आणि ‘भू’ जोडला की ‘तसे होणे’. मराठीने ‘सक्षमीकरण’ स्वीकारले, ‘सक्षमीभवन’ स्वीकारले नाही. स्त्री पूर्वी अक्षम होती व तिला दुसरे कोणी सक्षम करणार आहे, हे विधान त्या एका शब्दात नकळत घडून जाते. उलट ‘लाभार्थी’ या शब्दात, ‘विद्यार्थी’ या शब्दाप्रमाणेच, इच्छा करणारी व्यक्ती दिसते. इंग्रजी भाषांतरात ती केवळ लाभ मिळणारी उरते.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. एका संस्थेच्या बैठकीत मसुदा मोठ्याने वाचून दाखविला असता ‘निराधार महिला’ हे शब्द ऐकून एक प्रौढ सभासद म्हणाली, “निराधार कोण? घर तर मीच चालवते.” तिचा आक्षेप वस्तुस्थितीस धरून होता. ते विधान तसेच पाठविले गेले असते, तर त्या दुबळेपणाच्या चित्रावरच तिच्या घराला मदत मिळाली असती.

याहून गंभीर धोका म्हणजे एकाच शब्दाचे दोन वाचन. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती मांडली व अखेरीस साहाय्याचे आवाहन केले. त्याच वर्षी बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे अभिवचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी अट होती. परंतु तटस्थता म्हणजे मुलींना स्वेच्छेने प्रार्थनेस बसण्याची मोकळीक, असे रमाबाई मानीत. तर येथील सल्लागारांच्या लेखी तिचा अर्थ ख्रिस्ती प्रभावाचा अभाव असा होता. १८९३ साली न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले. सद्भाव दोन्ही पक्षी होता. व्याख्या मात्र झालेली नव्हती.

बालकांच्या संदर्भात हीच चूक आकड्यांत उतरते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनुसार सामान्यतः १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ होय. अंगणवाडीच्या परिभाषेत मात्र बालक सहा वर्षांपर्यंतचे. केवळ ‘१२० बालके’ असे लिहिल्यास दोन वाचक दोन वेगळे गट डोळ्यांपुढे आणतील. म्हणून वयोमर्यादा वाक्यातच द्यावी.

व्यवहाराविषयी थोडे. भारतीय संस्थेस परदेशी अनुदान स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० अन्वये नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई केली आणि ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यात जमा करणे आवश्यक केले. अंदाजपत्रक याच मर्यादेत बसविले पाहिजे.

अर्ज इंग्रजीतच असावा, हा नियम सार्वत्रिक नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ग्लोबल फंड फॉर विमेन या संस्थेने दीर्घकाळ कोणत्याही भाषेतील अर्ज स्वीकारले. यासाठी प्रत्येक प्रतिष्ठानाची सूचना प्रथम वाचावी. तथापि इंग्रजी अपरिहार्य असले, तरीही आमची सूचना अशी की, मसुदा आधी मराठीत व कर्तरी प्रयोगात लिहावा, ‘देण्यात येईल’च्या जागी कोण काय करील हे सांगावे, आणि इंग्रजी झाल्यावर त्याचा मराठी अनुवाद ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे त्या स्त्रियांना वाचून दाखवावा. त्यांना जे विधान स्वतःविषयीचे म्हणून ओळखू येणार नाही, ते पाठवू नये.