इनामगाव

महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले स्थळ. ते शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, पुण्याच्या पूर्वेस सु. ८५ किमी.वर वसले आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले.

जोर्वे येथील उत्खननापासून (१९५०–५१) दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांची मृत्पात्रे व त्यांचा कालक्रम ज्ञात होत गेला; त्यांचे प्रत्यक्ष जीवन मात्र अज्ञातच होते. म्हणून येथे खोल चरांऐवजी विस्तृत क्षैतिज उत्खननावर भर देण्यात आला. त्यातून १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले.

वसाहतीचे तीन कालखंड पडतात : माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००). पूर्व जोर्वे काळात घरे प्रशस्त व चौकोनी असून ती ओळीने बांधलेली होती. सातू हे मुख्य पीक होते. पुराचे पाणी वळविण्यासाठी खणलेला कालवा व त्यालगतचा बांध हे सामूहिक श्रमाचे द्योतक होत. मृतांना घराच्या जमिनीखाली पुरीत. बालकांसाठी तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ वापरीत, तर प्रौढांचे पाय घोट्याजवळ तोडलेले आढळतात. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला, पाय शाबूत असलेला पुरुष आढळला. घराशेजारील धान्यकोठारामुळे ते घर ग्रामप्रमुखाचे असावे, असे उत्खननकारांचे अनुमान आहे.

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती घटली आणि शिकार व पशुपालन यांवरील भिस्त वाढली. हा पालट वाढत्या अवर्षणामुळे झाला, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या अस्थींच्या अभ्यासातून (२०११) या उपपत्तीचा फेरविचार केला.

उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. बी-बियाणे, प्राण्यांची हाडे व मानवी सांगाडे यांच्या एकत्रित अभ्यासामुळे एका खेड्याचा सु. नऊशे वर्षांचा जीवनक्रम येथे सलगपणे पाहावयास मिळतो. जपून ठेवलेल्या अस्थींमुळेच जुने निष्कर्ष पुन्हा तपासणे शक्य झाले.