श्रेयांकांची शिदोरी : जीवशास्त्राच्या पदवीचा बेत कसा आखावा



बारावी झालेले मूल ज्या घरात आहे, त्या घराच्या जिव्हाळ्याचा विषय आज बोलावयाचा आहे. जवळच्या महाविद्यालयात जीवशास्त्राचा अभ्यास सुरू करावा आणि पुढे मोठ्या विद्यापीठात जावे, असा बेत पुष्कळ घरांत होतो. बेत शहाणपणाचा आहे. मात्र तो शेवटाकडून आरंभाकडे आखावा लागतो.

अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तेथील जॉलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली निघाले. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून विद्यार्थी विद्यापीठात जातो. परंतु रसायन, पदार्थविज्ञान व गणित मागे ठेवून जो केवळ जीवशास्त्र शिकतो, त्याला ते विषय विद्यापीठात गेल्यावर आधी पुरे करावे लागतात.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली, श्रेयांक बँकेची नियमावली आली. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप. पंधरा तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक, प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी तीस तास. पहिल्या वर्षाअखेर किमान ४०, दुसऱ्याअखेर ८०, तिसऱ्याअखेर १२० आणि चौथ्याअखेर १६० श्रेयांक, अशी ही चढण आहे. मध्येच थांबणाऱ्यास प्रमाणपत्र वा पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

आता हिशेब पाहा. चार श्रेयांकांच्या प्रयोगांना १२० तास प्रयोगशाळेत उभे राहावे लागते. आमच्या चौक गावच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडची वसई डोळ्यांना जवळ. पण तेथील महाविद्यालयात जावयाचे तर बसने भाईंदर आणि तेथून आगगाडीने नायगाव ओलांडून वसई रोड. हा वेळ दररोजचा आहे. म्हणून घराजवळचे महाविद्यालय निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त तेथील प्रयोगशाळा आधी डोळ्यांनी पाहून यावी.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. श्रेयांक जमा असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. शिदोरी आपली असली तरी दार यजमानाचे असते. शिवाय २०२१ च्या नियमावलीप्रमाणे जी संस्था पदवी देते, तिच्याकडूनच निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे दोन वर्षे येथे व एक वर्ष तेथे, हा बेत या नियमात बसत नाही. १२० पैकी ८० श्रेयांक बाहेरचे होतात. चार वर्षांच्या पदवीत दोन आणि दोन हा हिशेब जेमतेम जुळतो. तेव्हा बहुतेकांना निर्धोक वाट ही, की तीन वर्षांची पदवी एकाच ठिकाणी पुरी करावी व दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी विद्यापीठ बदलावे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते.

मग शेवटाकडून आरंभ कसा करावा? ज्या अभ्यासक्रमास जावयाचे, त्याची पात्रता पहिल्याच वर्षी वाचावी. कोळीवाड्यातील मुलाला मत्स्यविज्ञानाची ओढ असणे स्वाभाविक आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून जवळच आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पदवीने तिचे दार उघडेल, असे गृहीत धरू नये. मत्स्यविज्ञानाची स्वतंत्र चार वर्षांची पदवी आहे आणि रत्नागिरीजवळ शिरगावला तिचे महाविद्यालय आहे. हे बारावीनंतर कळले तर उपयोग. पदवी हाती आल्यावर कळले तर नुसती हळहळ. जैवतंत्रज्ञानाकडे जाणाऱ्याने रसायन सोडू नये, आय.आय.टी.ची जॅम ही प्रवेशपरीक्षा जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतही रसायन, पदार्थविज्ञान व गणित विचारते.

शेवटी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. आधारपत्रावरील व गुणपत्रिकेवरील नाव एकच असावे. वडिलांचे नाव मध्ये की शेवटी, एवढ्याशा फरकानेही खाते जुळत नाही. आणि प्रत्येक सत्राअखेर आपले श्रेयांक खात्यात जमा झाले की नाहीत, हे स्वतः पाहावे. विषयपत्रिका व प्रयोगवही जपून ठेवावी, कारण नव्या विद्यापीठाला आपण काय शिकलो हे त्यांवरूनच दाखवावे लागते.

पालकांनी मुलाला एवढेच विचारावे : तुला कोठे पोहोचावयाचे आहे? त्याचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.