शिशुसंगोपन व मानसिक आरोग्य

शिशुसंगोपन व मानसिक आरोग्य : जन्मापासून साधारणतः सहा वर्षांपर्यंतच्या बालकाचे भावनिक स्वास्थ्य आणि त्याचे संगोपन करणाऱ्या व्यक्तीचे मनःस्वास्थ्य यांतील परस्परसंबंध. संगोपक बहुधा आई असते. तथापि आजी, थोरली बहीण, पाळणाघरातील ताई वा अनाथालयातील दाई यांचाही त्यात समावेश होतो. तान्ह्या मुलाला आपली व्यथा शब्दांत सांगता येत नाही. दूध न पिणे, वारंवार झोपमोड, हसण्यास प्रतिसाद न देणे, वजन न वाढणे या रूपांनी ती प्रकट होते. थोड्या मोठ्या मुलात अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागते, किंवा येऊ लागलेले बोलणे थांबते. या लक्षणांची कारणे शारीरिकही असू शकत असल्याने वैद्यकीय तपासणी प्रथम करावी लागते.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ समाजसुधारणेच्या इतिहासात शोधावा लागतो. शनिवार पेठेसारख्या पुण्याच्या उच्चवर्णीय वस्तीत विधवाविवाह निषिद्ध होता व गर्भवती विधवेपुढे भ्रूणहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे स्त्रीने गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे हे तिने ठरवावे, अशी मुभा होती. मातेला अभय दिल्यावाचून अर्भक वाचत नाही, हे तत्त्व या व्यवस्थेत गृहीत होते. ते पुढील कित्येक संस्थांना उमगले नाही. याच गृहात जन्मलेल्या यशवंतास फुले दांपत्याने दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपूर येथे प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम स्थापन झाला.

अन्न, वस्त्र व स्वच्छता यांची नीट सोय असलेल्या संस्थांतही अर्भके खुरटतात, याकडे रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये लक्ष वेधले. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात बालकाला एका परिचित व्यक्तीचा सातत्यपूर्ण सहवास लागतो, असे प्रतिपादन केले. दाया पाळीपाळीने बदलत राहिल्या, की मूल कोणाचेच होत नाही. यास्तव दत्तकविधान व कुटुंबाधारित संगोपन यांना प्राधान्य मिळू लागले. पुण्यात ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ‘श्रीवत्स’ या केंद्राने परित्यक्त बालकांना दत्तक कुटुंबे मिळवून देण्याचे काम केले आहे. राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेनुसार संकटग्रस्त बालकास कुटुंबातच वाढविण्यासाठी अनुदान मिळते. २०२३ मध्ये ते दरमहा २,२५० रुपये करण्यात आले.

बोल्बींच्या मांडणीमुळे सारा दोष आईच्या माथी मारला जाऊ लागला, असा आक्षेप पुढे घेण्यात आला व तो रास्त आहे. मूल एकाहून अधिक व्यक्तींशी दृढ नाते जोडू शकते. शनिवार पेठेतील वाड्यांत हे सहज घडत असे. चौकाभोवतीच्या बिऱ्हाडांतून तान्हे मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाई आणि बाळंतिणीला दोन घटका विसावा मिळे. (वाड्यात सासुरवासही होता, त्याचे गोडवे गाताना हे विसरू नये.) १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेच्या काठची ही पेठ पुराने वेढली. अनेक पूरग्रस्त कुटुंबांचे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत पुनर्वसन झाले. घर मिळाले, तरी शेजार मोडला. मुलांचे मनःस्वास्थ्य हा मदतकार्याचा स्वतंत्र विषय त्या काळी मानला जात नव्हता. आज पेठेत वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या आहेत, आणि नोकरदार आईबापांचे मूल सांभाळणाऱ्या बाईची स्वतःची मुले कोण सांभाळतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रसूतीनंतरच्या नैराश्याविषयी गोव्यातील संशोधन विशेष उद्‌बोधक आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. दारिद्र्य, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलगी झाल्याबद्दलची नाराजी यांच्याशी त्याचा संबंध दिसला. अशा मातांची मुले सहा महिन्यांची होईतो वजनात व बौद्धिक विकासातही मागे पडल्याचे त्यांच्याच पुढील अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे सव्वा महिन्याच्या बाळंतपणात शेक, मालिश व डिंकाचे लाडू यांची काळजी घेतली जाते. ‘तुला कसे वाटते?’ ही पृच्छा मात्र त्यात बसत नाही. सततची उदासी ‘हळवेपणा’ म्हणून उडवून लावली जाते.

यावरील उपाय केवळ मनोविकारतज्ज्ञांवर विसंबत नाहीत. पाकिस्तानात ग्रामीण आरोग्यसेविकांनी मातांशी ठराविक पद्धतीने संवाद साधून नैराश्य कमी केल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यात तीच पद्धत वस्तीतील ‘सखीं’ना शिकविण्यात आली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे लाभ झाला, पण तो माफक होता. महाराष्ट्रात असे काम अंगणवाडीमार्फत होऊ शकेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे सेविका घरोघरी पोहोचलेली आहे. वजनकाटा तिच्या हाती आहेच. मात्र पोषण आहार, नोंदवह्या व सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली असलेल्या सेविकेवर आणखी एक काम लादून भागणार नाही. तिला मोबदला, मार्गदर्शन आणि कठीण प्रसंगी माता व बालकास पाठविता येईल असे तज्ज्ञकेंद्र उपलब्ध हवे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा (क्रमांक १४४१६) मातांना उपयोगी पडते. अर्थात, ज्या घरात दूरध्वनी पतीच्या ताब्यात असतो, तेथे सेविकेची फेरीच तिला अधिक जवळची.